टायरची हवा घाटाआधी, थंड असतानाच बघा
साताऱ्याहून पुण्याला निघताना हवा घराजवळच तपासा, खंबाटकी घाट उतरून नव्हे. तापलेल्या टायरमध्ये प्रेशर 3-4 पीएसआय जास्त दिसतं. ते बघून हवा सोडली, की थंड झाल्यावर टायर कमी हवेचाच राहतो. आणि फुटतो तो बहुतेकदा कमी हवेमुळेच: बाजूची भिंत सारखी दुमडते, तापते, आतले थर सुटतात. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या, गाडी भरलेली असेल तर फुल लोडचा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. स्टेपनीही बघा, तिची आठवण पंक्चर झाल्यावरच येते. बाजूला फुगवटा दिसला तर टायर बदलायचाच, पंक्चरवाला काही म्हणो. नक्षीची खोली 1.6 मिमीवर आली तरी तेच.