मॉड्यूल बदलण्याआधी मीटर लावा: एबीएसचा माझा अनुभव

ऐन पावसात माझ्या गाडीतला एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावर बसला. स्कॅनर लावला तर इंजिनाच्या ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरमध्ये) यू०१२१ कोड, म्हणजे एबीएस मॉड्यूलशी, एबीएसच्या कंप्युटरशी, संपर्क तुटलाय. ते मॉड्यूल स्कॅनरलाही उत्तर देईना. गॅरेजमध्ये सांगितलं, मॉड्यूल बदला. मला ते पटलं नाही. हा कोड मॉड्यूल मेलं असं म्हणत नाही, त्याचा निरोप पोचत नाही एवढंच म्हणतो.

आधी मॉड्यूलचे फ्यूज आणि अर्थिंग पाहिलं, दोन्ही ठीक. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून, थोडं थांबून, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजला. या पिना कॅन लाइनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्या. या लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर, म्हणून ६० ओहम यायला हवेत. मीटर १२० दाखवत होता. म्हणजे एक टोक तुटलेलं. (दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या तर आकडा शून्याजवळ आला असता.) या गाडीत एक रेझिस्टर एबीएस मॉड्यूलमध्येच आहे, त्यामुळे कुठे बघायचं हे लगेच ठरलं.

मॉड्यूलचा कनेक्टर उघडला. आत ओल, आणि कॅन-लो वायरचं (त्या दोन वायरींपैकी एकीचं) टर्मिनल गंजून हिरवं पडलेलं. नवं टर्मिनल क्रिम्प केलं (दाबून वायरीवर बसवलं), सील बदललं. मीटरवर ६० आले, कोड पुसले, दिवा गेला.

मध्ये वायर जोडावी लागलीच तर दोन्ही कॅन वायरींचा एकमेकींभोवतीचा पीळ मात्र तसाच ठेवा. तो सुटला की बाहेरचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो.