सोलर आहे, तरी वीज गेली की अंधार? बॅटरी जोडण्याआधी हे बघा

छतावर ३ किलोवॉटचं सोलर, भर दुपारचं ऊन, आणि लाइट गेली की पंखेही बंद. हा बिघाड नाही. ग्रिड (बाहेरून येणारी वीज) गेली की तिला जोडलेल्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने थांबायचंच असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. तेव्हाही घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी हवी.

बिल कमी होईल म्हणून मात्र बॅटरी घेऊ नका, ते काम नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारं मीटर) करतंच. पीएम सूर्यघरचं अनुदान (३ किलोवॉट व पुढे ७८,००० रुपये) पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीवर नाही. बॅटरी घ्यायची ती लाइट गेल्यावरच्या सोयीसाठी, आणि तेवढीच मोठी.

आधी लोड मोजा. ३० वॉटचे चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ९ वॉटचे सहा बल्ब, १० वॉटचा वायफाय मिळून १८४ वॉट. सहा तासांत सुमारे १.१ युनिट. फ्रिज आणि थोडा वेळ टीव्ही धरला तरी दोन युनिटांत भागतं. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट, त्यातली ८० टक्के वापरली तरी ४ युनिट हाताशी. गिझर, एसी आणि पाण्याची मोटर बॅकअपवर घेऊ नका. २ किलोवॉटचा गिझर दोन तासांत बॅटरी रिकामी करतो, आणि मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, त्यात इन्व्हर्टर ओव्हरलोडवर जातो.

खरी गडबड होते ती न्यूट्रलमध्ये. जुन्या घरांत सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर कसलेले असतात. बॅकअपचे फेज वेगळ्या डीबीत (एमसीबींच्या पेटीत) नेले आणि न्यूट्रल तिथेच राहिले, तर करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्याच वाटेने परततो. मग बॅकअपवरचा एखादा बल्ब लावला की आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की पडणारा सुरक्षा स्विच) पडतो, आणि दोष बिचाऱ्या इन्व्हर्टरवर येतो. म्हणून बॅकअपच्या प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल शोधून स्वतंत्र पट्टीवर घ्या. वायरमन कंटाळा करेल, पण हे करूनच घ्या.

५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर बॅटरीच्या बाजूने १०० अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. तिथे ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, शक्य तितकी आखूड, आणि डीसीसाठीचाच फ्यूज किंवा ब्रेकर लावा. एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही, तो जळतो. केबलच्या टोकाचे लग क्रिंपिंगच्या हत्याराने बसवून घ्या, पक्कडीने नुसते दाबलेले लग तापतात. इतका करंट बॅटरीचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) सलग देऊ शकतो का, तेही डेटाशीटवर बघा. बॅटरी गच्चीवर नको, घरात सावलीला, हवेशीर जागी ठेवा.

बीएमएसची कम्युनिकेशन केबल जोडून सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियमच निवडा. ट्युब्युलरचं (पाण्याच्या बॅटरीचं) सेटिंग राहिलं तर चार्जिंगचे व्होल्ट चुकतात. मेन लाइनवरच्या सीटीचा (करंट मोजणाऱ्या कड्याचा) बाण कंपनीच्या आकृतीप्रमाणेच हवा. उलटा बसला तर घरातला वापर निर्यात म्हणून दिसतो आणि इन्व्हर्टर भलतंच वागतो. राखीव चार्ज ५० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रात्री लाइट गेली तरी निम्मी बॅटरी शाबूत असते.

शेवटी मेन स्विच पाडून बघा. पंखे फिरत राहिले पाहिजेत, आणि मेन स्विचमधून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरवर टेस्टर पेटता कामा नये. पेटला तर काम ताब्यात घेऊ नका.