आधी सॉकेट घ्या, इम्पॅक्ट गन पुढच्या वर्षी

घरी गाडीचं काम शिकायला निघालेला माणूस आधी इम्पॅक्ट गनबद्दल, म्हणजे ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राबद्दल, विचारतो. ‘कुठली घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे : आत्ता कुठलीच नको. गन नट सोडवते, पण सुरुवातीला बिघडतं ते बहुतेक आवळताना. म्हणून पैसे आधी चांगल्या गोट्यांवर (म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटवर), मग एका लांब दांड्यावर आणि मग टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरलेल्या जोराला नट आवळला की कळवणाऱ्या पान्यावर, घालवावेत. त्यातून काही उरलं तर गनचं बघू.

मी आमची स्विफ्ट आणि मेव्हण्याची पोलो सोसायटीच्या पार्किंगमध्येच सांभाळतो. या दोन गाड्यांना हत्यारंही दोन तऱ्हेची लागतात. स्विफ्टचं बहुतेक काम १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटर या मापांत उरकतं. जर्मन गाडीला हात घातला की १३, १६, १८ लागतात, शिवाय टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचे) आणि बारा टोकांचे बिटही. दुकानात शंभर-सव्वाशे नगांची पेटी चकाकत असते, तिच्यातली निम्मी मापं आयुष्यात हाताला लागत नाहीत, आणि नेमका हवा तो १० चा लांब सॉकेट तिच्यात नसतो. आपल्या गाडीची मापं आधी लिहून काढावीत आणि सुटे सॉकेट घ्यावेत. १० चे मात्र दोन घ्या. एक हरवतोच.

सॉकेट घेताना आतून बघायचा. सहा कोनांचा हवा, बारा कोनांचा नको. सहा कोनांचा सॉकेट नटाच्या सपाट बाजूंवर बसतो, बारा कोनांचा कोपऱ्यांच्या जवळ पकडतो. नवा, स्वच्छ नट दोन्हींनी निघतो. मुंबई-कोकणात चार पावसाळे काढलेला गंजका नट असेल तर बारा कोनांचा सॉकेट त्याचे कोपरे गोल करून ठेवतो, आणि मग छिन्नी-हातोडी शोधावी लागते.

ड्राइव्ह म्हणजे सॉकेटच्या मागचं चौकोनी भोक. पाव इंची हे डॅशबोर्ड, क्लिप, एअर फिल्टरचा डबा अशा किरकोळ कामांसाठी. अर्धा इंची चाकं आणि सस्पेन्शनसाठी. मधलं ३/८ आपल्याकडच्या दुकानांत थोडं कमी दिसतं, पण घरच्या कामाला तेच सगळ्यात जास्त लागतं : स्पार्क प्लग, ब्रेक कॅलिपर, ऑइलचा ड्रेन बोल्ट. एकच रॅचेट (एका दिशेला नट फिरवणारा आणि उलट येताना मोकळा सुटणारा दांडा) परवडत असेल तर ३/८ चा घ्या, आणि तो ७२ दात्यांचा बघा. ७२ दाते म्हणजे दांडा पाच अंश हलला तरी पुढचा दाता धरतो. २४ दात्यांच्या स्वस्त रॅचेटला पंधरा अंश लागतात, आणि इंजिनाच्या खबदाडात पंधरा अंश फिरायला जागाच नसते. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाचे साधे सॉकेट घरच्या कामाला पुरून उरतात. मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारावी, तिथे सुटी मापं सहज मिळतात.

अडकलेला नट सोडवताना रॅचेटवर पाइप घालू नका. आतला खटका तुटला की हात थेट फेंडरवर आपटतो. त्यासाठी ब्रेकर बार असतो, म्हणजे आत यंत्र नसलेला निव्वळ लांब दांडा. ६० सेंटीमीटरच्या बारच्या टोकाला चाळीस किलोचा भार दिला तर साधारण २३५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. पोलोच्या चाकांच्या बोल्टचा ठरलेला टॉर्क १२० आहे. म्हणजे दुप्पट जोर आपल्या अंगातच आहे, बॅटरी चार्ज करायचीही गरज नाही. गाडी जॅकवर घेण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, एवढं पाळलं की झालं.

मग गन लागते कुठे? जिथे नटाबरोबर आतला भागही फिरतो तिथे. शॉकअबसॉर्बरच्या माथ्याचा नट पान्याने फिरवला तर आतला रॉडच फिरत राहतो. क्रँक पुलीच्या बोल्टचंही तसंच, जोर लावला की अख्खं इंजिन वळतं. गनमध्ये मोटर एक हातोडा फिरवते आणि तो पुढच्या चौकोनी टोकाच्या मुळाशी ठोके देतो. प्रत्येक ठोका इतका क्षणिक असतो की जड भागाला हलायला वेळच मिळत नाही, नट मात्र थोडा थोडा सुटतो. म्हणूनच हातालाही फारसा झटका बसत नाही. अशी कामं अंगावर आली की अर्ध्या इंची चौकोनी टोकाची, १८ व्होल्टची बॅटरी गन घ्या. स्क्रू पिळायचा षटकोनी टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर अडॅप्टर लावून चाकांवर चालवतात, पण त्यात दम नसतो. हवेवरच्या गनच्या वाटेला घरी जाऊ नये, छोटा कंप्रेसर चार ठोक्यांत धापा टाकतो. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा सोडवण्याचा असतो, आवळण्याचा त्याहून बराच कमी, हेही वाचून घ्या. आणि दुपारी दोन ते चार गन वाजवलीत तर सोसायटीच्या सेक्रेटरींशी ओळख होईल.

गनला चकचकीत क्रोमचे सॉकेट लावायचे नाहीत, यात तडजोड नाही. ते क्रोम-व्हॅनेडियमचे, कडक आणि पातळ असतात. ठोक्यांनी तडकून तुकडे उडू शकतात. गनसाठी काळे, जाड भिंतीचे, क्रोम-मॉलिब्डेनमचे सॉकेट येतात. तेही सगळे लागत नाहीत, १७, १९, २१ पुष्कळ झाले. अलॉय व्हीलचं भोक अरुंद असेल तर बाहेरून प्लास्टिकचं वेष्टण असलेला पातळ इम्पॅक्ट सॉकेट बघा, नाहीतर चाकावर ओरखडे उठतात. डोळ्यांवर गॉगल असू द्या.

आवळायला गन वापरायची नाही. नट बोटांनी दोन-तीन आटे चढवायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करायचे, आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क रेंचने शेवटचा ‘टक्’. मारुतीच्या जुन्या लहान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ८५ न्यूटन-मीटर दिलेले आढळतात, नव्यांत १००. आपलं मॅन्युअल उघडून खात्री करा. आटे कोरडे ठेवा, ग्रीस लावलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क रेंचने नट सोडवायचा नाही, आणि काम झालं की त्याचा काटा सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. अर्ध्या इंची रेंच चाकांसाठी ठीक, पण प्लगला वीस-पंचवीसच्या आसपास टॉर्क लागतो, तिथे तो भरवशाचा नाही. प्लग स्वतः बदलणार असाल तर ३/८ चा लहान रेंच वेगळा घ्यावाच लागतो.

रस्त्यात पंक्चर काढून घेताना पंक्चरवाला हवेची गन घरघरवतो, आणि तो नट पुढच्या खेपेला डिकीतल्या एल-पान्याने हलत नाही. त्याला शेवटचा फास हाताने द्यायला सांगा, बहुतेक जण ऐकतात. माझ्या डिकीत तरीही ब्रेकर बार आणि १९ चा लांब सॉकेट असतोच. घरी पोहोचलो की ते चाक एकदा टॉर्क रेंचने तपासतो.