माजाच्या हंगामात वळू आणि बोकड पारखून घ्या : खान्देशातील पशुपालकांसाठी सल्ला

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की तापीकाठच्या गावांत म्हशी माजावर येऊ लागतात, कापूस वेचलेल्या रानात शेळ्यांचे कळप फिरू लागतात आणि संकरित गाई भरवण्यासाठीही कृत्रिम रेतन करणाऱ्यांना सारखे बोलावणे जाते. अशा वेळी बहुतेक पशुपालक वळूच्या आईने दूध किती दिले एवढेच विचारतात. त्यासोबत आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा, असा आमचा आग्रह आहे : ही कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) कोणत्या वळूची, आणि आपल्या गाईचा बाप कोणता होता?

जनुक म्हणजे प्रथिन कसे घडवायचे याची शरीरात जपलेली लिखित कृती होय. या कृतीतील अक्षर बदलणे म्हणजे उत्परिवर्तन. पुष्कळदा अक्षर बदलूनही तेच अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) बसते आणि काहीच फरक पडत नाही. कधी मात्र एका अक्षराने सारे बिघडते. नंदुरबारच्या सातपुडा भागातील वाचकांना सिकलसेल आजार सांगावा लागत नाही. त्यात रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्यानेच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

होल्स्टिन फ्रिजियन गाईंमध्ये असाच एक दोष आहे. त्याला ‘ब्लॅड’ म्हणतात. सीडी-18 या प्रथिनात 128 व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन बसते. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडण्यासाठी हे प्रथिन लागते. ते निकामी असलेल्या वासराच्या रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात, पण जखमेपर्यंत त्या पोहोचतच नाहीत. हिरड्यांवर व्रण पडतात, ताप आणि हगवण फिरून फिरून येते, जखम लवकर भरून येत नाही आणि तिच्यात पूही फारसा धरत नाही. असे वासरू बहुधा वर्षाच्या आतच दगावते, आणि घरातली माणसे मात्र आपलेच चाऱ्यापाण्यात काही चुकले म्हणून स्वतःला दोष देत राहतात.

या दोषाचे मूळ 1952 मध्ये जन्मलेल्या ऑस्बोर्नडेल आयव्हानहो या अमेरिकी वळूपर्यंत जाऊन पोहोचते. तो स्वतः निरोगी होता, कारण त्याच्याकडे जनुकाची एक प्रत चांगली आणि एकच सदोष होती. अशा जनावराला वाहक म्हणतात. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आले तर प्रत्येक वेताला वासरू आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक निघण्याची चारात दोन. पहिली दोन वासरे चांगली निघाली म्हणून तिसऱ्या वेळी धोका कमी होत नाही. प्रत्येक वेत नव्याने मोजावे लागते.

म्हणून कांडी तपासणी झालेल्या वळूचीच घ्यावी. मान्यताप्राप्त रेतन केंद्रे वळूंची ब्लॅडसह अन्य आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करून घेतात. वळूचा क्रमांक कांडीवरच छापलेला असतो. रेतन झाल्यावर रिकामी कांडी फेकून देण्याआधी तो क्रमांक, तारीख आणि गाईच्या कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. पुढे तिची कालवड भरवण्याची वेळ येईल तेव्हा त्याच वळूची कांडी टाळण्यास दुसरा आधार नसतो.

शेळीपालनात धोका अधिक आहे, कारण बोकड घरचाच असतो. एकच बोकड दोन वर्षे कळपात राहिला की त्याच्याच पाटी (तरुण माद्या) त्याच्याकडून गाभण राहतात आणि एका जनुकाच्या दोन्ही सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. मरतुक वाढण्याची वाट न पाहता पाटी वयात येण्याआधी बोकड बदलावा. शेजारच्या गावातील, नात्याबाहेरचा बोकड अदलाबदल करून आणला तरी चालतो. सानेनसारख्या युरोपीय जातींच्या संकरात आणखी एक दक्षता घ्यावी लागते : भुंडेपणा आणणाऱ्या उत्परिवर्तनाच्या दोन प्रती मादीत आल्या तर ती धड मादी राहत नाही आणि वांझ निघते. तेथे भुंड्या शेळीला शिंगाचाच बोकड द्यावा.

प्रत्येक दोष आनुवंशिक असतो असे मात्र समजू नये. गाभणपणी जीवनसत्त्व अ कमी पडले तरी वासरू आंधळे जन्मते. हिरव्या चाऱ्याची टंचाई असेल तेथे हे आधी तपासावे. बैलाच्या शिंगाच्या कर्करोगातही पेशींत बदल झालेले असतात, परंतु ते शिंगातच राहतात, बीजात उतरत नाहीत.

उत्परिवर्तन उपयोगीही ठरते. बंगालच्या गारोळ मेंढीतील ‘फेक-बी’ या जनुकबदलामुळे जुळी कोकरे होतात, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो गुण दख्खनी मेंढीत आणला. साक्री भागातील मेंढपाळांनी असा मेंढा घेण्याआधी जुळी कोकरे पोसण्याइतके दूध आपल्या मेंढ्यांना आहे का, हे पाहावे.