दिवाळी झाली, आता सोलरवाले बँकेचा माणूस घेऊन बांधावर येतील, सही करायच्या आधी हे वाचा

रब्बीच्या पेरण्या उरकत आल्या, गव्हाला पहिलं पाणी, लाल कांद्याची काढणी आणि उन्हाळ कांद्याची रोपं, सगळं एकाच वेळेला चाललंय, आणि नेमक्या याच दिवसांत सोलर कंपन्यांची माणसं गावात फिरायला लागतात. पाऊस गेलेला असतो, आभाळ स्वच्छ, कापसा-सोयाबीनचे चार पैसे हातात आलेले, आणि रात्रीची लाईट आली की बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचा वैताग डोक्यात ताजा असतो. हल्ली यात एक नवीन प्रकार बघायला मिळतोय, कंपनीचा माणूस एकटा येत नाही, सोबत बँकेचा नाहीतर फायनान्सचा फिल्ड ऑफिसर असतो, म्हणजे कोटेशन, कर्जाचा फॉर्म, फोटो सगळं एकाच बैठकीत. प्रकार वाईट नाही बरं का, मी तर म्हणतो चांगलाच आहे, फक्त सही करताना आपण कशावर सही करतोय ते कळलं पाहिजे.

आधी पंपाचं बोलू. साधा सोलर पंप घ्यायचा असेल, आणि विहीर किंवा बोअर आहे पण कृषी पंपाचं वीज कनेक्शन नाही, तर कर्जाच्या नादी लागायच्या आधी महावितरणच्या पोर्टलवर मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज टाका. तिथं आपल्याला फक्त १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के, बाकीचं सरकारचं. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि त्याच्या वर ७.५ एचपी असा हिशोब आहे, कंपनी यादीतून आपणच निवडायची, ५ वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यातच. पैसे पोर्टलवरूनच भरायचे, कोणाच्या हातात नाही. मूळ पीएम कुसुम, म्हणजे केंद्राची सोलर पंपाची योजना, २०१९ साली आली तेव्हा तिच्यात हिशोब असा होता की ३० टक्के केंद्र, ३० टक्के राज्य आणि ४० टक्के शेतकरी, त्या ४० मधले ३० बँकेकडून कर्ज काढायचे. आपल्याकडे राज्यानंच जास्तीचा भार उचलल्यामुळं पंपासाठी कर्जाची गरज तशी उरलेली नाही. मग जो माणूस "सरकारी नंबर लागायला वर्ष लागेल, आमच्याकडून लोनवर घ्या" म्हणतो त्याचं ऐकायचं का? घाई असेल तर ऐका, पण अर्ज आधी टाकून ठेवा.

आम्ही ऐकलं होतं. वाट बघायला कंटाळून ५ एचपीचा पंप लोनवर घेतला, कंपनीचं नाव घेत नाही. बँकेनं सगळी रक्कम एका झटक्यात कंपनीच्या खात्यात टाकली, पंप बसला, डिसेंबरपर्यंत झकास चालला आणि जानेवारीत ऐन गहू पोटरीत असताना कंट्रोलर, म्हणजे पॅनलच्या विजेवर पंप चालवणारा डबा, गेला. कंपनीला फोन केला तर म्हणे तुमच्याकडचा टेक्निशियन सोडून गेलाय, दुसरा दोन जिल्हे बघतो, नंबर लावा. २३ दिवस गेले. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले मशीनचं तुमचं तुम्ही बघा, हप्ता ५ तारखेला कापला जाईल. आणि कापला गेला पण. तेव्हा कळलं की कंपनी आणि बँकेचा करार त्यांचा त्यांच्यात होता, त्यात आपण कुठंच नव्हतो, आपली नुसती सही होती.

म्हणून पहिली गोष्ट, बँकेकडून कंपनीला पैसे कसे जाणार ते सँक्शन लेटरमध्ये (कर्ज मंजुरीच्या पत्रात) लिहून घ्या. माल शेतात उतरल्यावर काही, जोडून पाणी पडल्यावर काही, आणि शेवटचे १०-१५ टक्के महिनाभर नीट चालल्यावर, आपण सही केलेला दाखला दिल्यावरच. मॅनेजर म्हणतील असं होत नाही. बांधकामाच्या कर्जात टप्प्याटप्प्यानंच पैसे सोडतात की, मग इथं का नाही? मशीन बिघडल्यावर किती दिवसांत माणूस येणार, तालुक्याच्या गावी त्यांचं दुकान आहे का, कंट्रोलरचा स्पेअर कुठं ठेवलाय, हेही कागदावर हवं.

हा बँक आणि सोलर कंपनीचा मेळ काही कालचा नाही. शेजारच्या कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सेल्को ही सोलर दिव्यांची कंपनी सुरू केली, गरिबाला सोलर परवडत नाही हे खोटं ठरवायचं म्हणून, आणि त्यांचं बरंचसं काम म्हणजे ग्रामीण बँकांच्या मॅनेजरांना पटवणं की बाबांनो दिव्याला पण कर्ज द्या. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं कॅनरा बँक आणि सिंडिकेट बँकेला सोबत घेऊन घरच्या सोलर दिव्यांसाठी व्याज कमी करून द्यायची योजना काढली (सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरातच विलीन झाली). त्यात कंपन्या निवडून घेतलेल्या होत्या, कोणाच्याही मशीनला कर्ज मिळत नव्हतं. आपण पण मॅनेजरला हेच विचारायचं, साहेब तुम्ही या कंपनीच्या किती मशीनला कर्ज दिलंय आणि त्यातली चालू किती आहेत, दोन शेतकऱ्यांची गावं सांगा, आम्ही बघून येतो. गाव सांगता येत नसेल तर तो टायअप कागदावरचाच समजा.

हांडे एक किस्सा सांगतात, रस्त्यावर भाजी विकणारी बाई त्यांना म्हणाली की महिन्याला ३०० रुपये मला जड आहेत, रोजचे १० चालतील. हिशोब तोच, पण तिचा पैसा रोज येतो. आपलं उलटं आहे. आपला पैसा येतो काढणीला, आणि फायनान्सवाले हप्ता लावतात महिन्याला, कारण त्यांचं सॉफ्टवेअर तसं आहे. कांदा-गव्हावर अवलंबून असाल तर सहामाही हप्ता मागा, एक एप्रिल-मे मध्ये आणि एक दिवाळीनंतर, ऊस असेल तर कारखान्याचं बिल पडल्यानंतरचा वार्षिक. शेतीच्या मुदत कर्जाला बँका असा हप्ता देतात, मागावा मात्र लागतो. दुधावर संसार असेल तर दर दहा दिवसांच्या बिलातून डेअरीकडूनच कापून घ्यायला सांगा, सोलरवर चालणाऱ्या कुट्टी मशीनला ही पद्धत फार सोयीची पडते.

पीक कर्जाच्या पैशातून मशीन घेऊ नका. ते व्याज सवलतीचं कर्ज आहे, मुदतीत भरलं तरच सवलत, आणि एकदा पैसा पत्र्यात आणि लोखंडात अडकला की मार्चला सोसायटीत भरायला तो कुठून आणणार. मशीनला मध्यम मुदतीचंच कर्ज घ्यायचं. आणि कर्ज मागताना वाकून मागायची पण गरज नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमात शेतीच्या सोलर पंपाला दिलेलं कर्ज अग्रक्रम क्षेत्रात धरलं जातं, बँकेला पण टार्गेट असतं. फाईल आत्ता नोव्हेंबरात द्या, फेब्रुवारी-मार्चला दिली तर वसुलीच्या गडबडीत ती कपाटात पडून राहते असा माझा तरी अनुभव आहे.

व्याजाचं नीट ऐका. "फक्त १० टक्के" असं सांगतात, विचारा फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) का रिड्यूसिंग (राहिलेल्या रकमेवरच व्याज). १ लाख रुपये, ३ वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३० हजार, हप्ता ३६११ रुपये. तेच रिड्यूसिंग असेल तर हप्ता ३२२७ आणि व्याज १६ हजारांच्या आसपास. म्हणजे १० टक्के फ्लॅट हे खरं जवळपास १८ टक्के पडतं. ऑक्टोबर २०२४ पासून बँका-फायनान्सना असल्या कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, तो कागद मराठीत मागा. कोटेशनवर जीएसटी पण बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ चा ५ टक्के झालाय, जुनंच कोटेशन फिरवत असतील तर परत पाठवा.

मग कर्ज काढून काय घ्यावं? माझं मत विचाराल तर जे मशीन स्वतः पैसा आणतं ते. जानेवारीत मेथी दोन रुपये जुडी होते, टोमॅटो रस्त्यावर ओततात, तेव्हा सोलर ड्रायर असलेली बाई तीच मेथी सुकवून कसुरी मेथी म्हणून विकते. संभाजीनगरकडं एस फोर एस नावाची कंपनी हेच करते, बायकांना ड्रायर घ्यायला बँकेचं कर्ज मिळवून देते आणि सुकवलेला माल परत विकत घेते, २०२३ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामाचा अर्थशॉट पुरस्कार पण मिळाला. माल घ्यायची हमी असली की बँक पण लवकर तयार होते, कारण हप्ता कुठून येणार ते त्यांना दिसतं. ड्रायरला पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या सरकारी योजनेतून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान बसू शकतं, पण ते अनुदान हातात पडत नाही, कर्ज खात्याशी बांधून ठेवतात आणि ३ वर्षं खातं नीट चाललं आणि युनिट चालू राहिलं तरच वळतं होतं. मधे हप्ते थकून खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं की अनुदान गेलं, हे सांगणारा माणूस फॉर्म भरताना कधीच भेटत नाही.

आता शेतातलं, जे कंपनी सांगत नाही. यांचा सर्व्हे उन्हाळ्यात झालेला असेल तर तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, सावली पायाखाली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, आपल्याकडं भर दुपारी १२ ला पण झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी लांब पडते, ३ ला तर त्याच्या कितीतरी पुढं. दक्षिणेच्या बांधावरची बाभळ किंवा वाढलेला ऊस पॅनलवर आला की एका कोपऱ्याच्या सावलीनं पण पाणी बरंच कमी होतं. म्हणून जागा ठरवायची ती आत्ता, या दिवसांत, ९ ला आणि ३ ला स्वतः उभं राहून. स्टँड हलवता येणारा असेल तर थंडीत पॅनल जास्त उभं करा, तोंड दक्षिणेला. धुवायचं सकाळी थंड असताना, बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर धुतल्यावर लगेच फडक्यानं पुसा, नाहीतर पांढरे डाग धरतात. पाणी भरायचं ते १० ते ३ मध्ये, त्याच्या आधी पंपाला ताकद नसते.

विमा बँकच काढते आणि पैसे आपल्या खात्यातून जातात, पण पॉलिसी कितींनी बघितलीय? गारपीट, वादळ आणि केबल चोरी यात आहे का बघा, झेरॉक्स घरी ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी काच फुटली की त्याच दिवशी फोटो काढून कंपनी, बँक आणि विमा तिघांनाही कळवा. केबल गेली तर पोलीस पाटलाला सांगून भागत नाही, एफआयआरची प्रत लागते.

आणि सातबारा. कर्जाला जमीन लावली असेल तर इतर हक्कात बोजा (कर्जाची नोंद) चढतो, तो चढवायला बँक दोन दिवस लावते आणि उतरवायला आपणच पळायचं असतं. शेवटचा हप्ता भरला की त्याच आठवड्यात बँकेकडून नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) घ्या, तलाठ्याकडं द्या आणि महिन्याभरानं नवीन सातबारा काढून बघा. आमच्या भावकीत एकाचा तर कर्ज फिटून चार वर्षं झाली तरी बोजा तसाच होता, वाटणीच्या वेळी सापडला, आणि तोपर्यंत ती बँक शाखाच दुसरीकडं गेली होती.