बाबांचा इंडिकेटर आणि डॅशबोर्डखालची डबी

बाबांचं वय ७३. गाडी अजूनही झकास चालवतात, फक्त लेन बदलून झाली तरी इंडिकेटर तसाच चालू राहतो. वळणावर स्टिअरिंग भरपूर फिरतं, म्हणून दांडी आपोआप मागे येते. लेन बदलताना ते जेमतेम हलतं, त्यामुळे दांडी हातानेच मागे घ्यावी लागते. त्यात ती टिकटिक बाबांना ऐकू येत नाही. मी सांगून बघितलं, त्यांनी "हो हो" म्हणून बघितलं. शेवटी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी बनवून डॅशबोर्डखाली बसवली. गाडी धावत असताना इंडिकेटर ४५ वेळा लुकलुकला की ती आवाज करते. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाने बाबांना आठवण होते.

तुम्हाला वेगळं काही हवं असेल: दार उघडल्यावर पायाशी दिवा, इंजिन गार असेपर्यंत निळा एलईडी, रिव्हर्स टाकल्यावर जादा लाइट. रस्ता हाच आहे. माझा नियम एकच: डबीने गाडीचं बोलणं फक्त ऐकायचं, स्वतः तोंड उघडायचं नाही. काम करायचं ते स्वतःच्या बझरवर, स्वतःच्या दिव्यावर.

गाडीतले कंट्रोलर, म्हणजे इंजिन, ब्रेक वगैरे सांभाळणारे छोटे संगणक, एकमेकांशी कॅन बस नावाच्या दोन वायरींवर बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये लोकांसमोर आणली. एकाने संदेश टाकला की तो सगळ्यांना ऐकू जातो. प्रत्येक संदेशाला एक क्रमांक असतो आणि मागे जास्तीत जास्त ८ बाइट. या वायरी बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटपर्यंत (मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतो ते) येतात: ६ नंबरवर कॅन-हाय, १४ वर कॅन-लो, ४ वर ग्राउंड आणि १६ वर बॅटरीचा प्लस.

सामान फार नाही. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड), कॅनवरचे संदेश वाचणाऱ्या एमसीपी२५१५ चिपचं मॉड्यूल, व्होल्टेज कमी करणारा एक छोटा बक कन्व्हर्टर, फ्यूज, स्पीकर. काहीही जोडण्याआधी चावी काढून ६ आणि १४ या पिनांमध्ये मल्टिमीटर धरा. ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा, कारण बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. मॉड्यूलवरही तसलाच एक असतो, जंपर लावून चालू होणारा. तो जंपर काढा. राहिला तर बसला तिसरा रेझिस्टर लागतो आणि आकडा ४० वर येतो.

आता माझी फजिती. मॉड्यूलवर चिपचा ताल ठरवणारा एक चकचकीत लांबट क्रिस्टल असतो, त्यावर ८ किंवा १६ मेगाहर्ट्झ असं कोरलेलं असतं. माझ्या क्रिस्टलवर ८ होतं, प्रोग्राममध्ये मी १६ लिहिलं होतं. टेबलावर दोन मॉड्यूल एकमेकांना जोडून तपासले, तेव्हा सगळं व्यवस्थित चाललं. चालणारच, दोघंही सारखेच चुकलेले होते. सेकंदाला ५०० किलोबिट म्हणता म्हणता दोघं २५० ने बोलत होते. वरून नॅनोमध्ये लायब्ररीतला संदेश पाठवणारा नमुना प्रोग्राम तसाच राहिलेला. गाडीला जोडून चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळे दिवे एकदम पेटले. बाबा शेजारी बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, फक्त दार उघडून बाहेर जाऊन उभे राहिले. डबी काढून चावी बंद-चालू केल्यावर दिवे गेले, पण माझे हात बराच वेळ गार होते.

म्हणून क्रिस्टल भिंगाने वाचा आणि गाडीला जोडायच्या प्रोग्राममध्ये पहिल्याच ओळींत मॉड्यूल लिसन-ओन्ली मोडमध्ये टाका. या मोडमध्ये चिप पोच (संदेश मिळाल्याची खूण) देत नाही, चूक दिसली तरी ओरडत नाही, बसवर काही टाकूच शकत नाही. संदेशांचा वेग चुकला तर तुम्हाला काही दिसणार नाही इतकंच, गाडीला त्याचा पत्ताही लागणार नाही. टेबलावर तपासताना मात्र हा मोड नको. दोनच मॉड्यूल असतील आणि ऐकणारा पोच देत नसेल, तर पाठवणारा तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि आपण वायरी तपासत बसतो.

पुढचं काम मला सगळ्यांत आवडलं: हवा तो संदेश शोधणं. इंजिन बंद, चावी चालू, लॅपटॉप मांडीवर. आधी वीस सेकंद कशालाही हात न लावता येईल ते सगळं नोंदवा. मग डावा इंडिकेटर लावून वीस सेकंद, मग उजवा. लिनक्स असेल तर कॅनस्निफर हा प्रोग्राम बदलणारे बाइट रंगवून दाखवतो. मी आर्डुइनोतून येणारी यादी स्प्रेडशीटमध्ये टाकून केलं. डझनावारी क्रमांकांत एकाच संदेशाचा एकच बाइट टिकटिकीच्या तालावर ०० आणि २० होत होता. उजवीकडे लावला की ०० आणि ४०. हॅझर्ड दाबला की ६०. हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीत असतात. त्यात २० आणि ४० मिळून ६० होतात, म्हणजे दोन दिव्यांचे बाइटमधले दोन वेगळे बिट, शून्य किंवा एक दाखवणारे. हा क्रमांक इथे मुद्दाम देत नाही, तुमच्या गाडीत तो दुसराच असणार.

गाडीच्या वेगाचा संदेश शोधायला दुसरा माणूस हवा. गाडी चालवताना लॅपटॉपकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. बाबांनी गाडी सरळ रस्त्यावर ४० वर धरली आणि मी यादी पाहत होतो. एका संदेशात ओळीने ०एफ आणि ए० हे बाइट सापडले. जोडून वाचले की ०एफए०, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यात ४०००. शंभरने भागलं की ४०. गाडी थांबली की दोन्ही शून्य. इतका सरळ हिशोब दर वेळी मिळत नाही. कधी बाइट उलट्या क्रमाने असतात, कधी भागाकार वेगळा असतो.

प्रोग्राम छोटाच. बिट शून्याचा एक झाला की मोजणी एकने वाढवा. दोन्ही बिट एकदम आले तर हॅझर्ड आहे, मोजणी शून्य. वेग २० च्या खाली असेल तरी शून्य, नाहीतर सिग्नलला वळायला थांबलेल्या माणसाला डबी उगाच टोकत राहते. दीड सेकंद काहीच लुकलुकलं नाही तर इंडिकेटर बंद झाला असं धरा.

काही नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेटच्या आधी गेटवे, म्हणजे आतले संदेश बाहेर न सोडणारा पहारेकरी, असतो. तिथे कान लावला तर शांतता. प्रश्न विचारला तरच उत्तर येतं: ७डीएफ या क्रमांकाच्या संदेशाने विचारा, इंजिन ७ई८ क्रमांकाने सांगतं. वेग आणि कूलंटचं तापमान तसं मिळतं, इंडिकेटर नाही. अशा गाडीत मी कॅनच्या नादी लागणार नाही. इंडिकेटरच्या वायरीवरून २.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन बाजू वायरीने न जोडता प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) घेऊन सिग्नल थेट नॅनोला देईन. जुन्या गाडीलाही हेच चालेल. वेग मिळणार नाही, मग मोजणी थोडी जास्त ठेवायची.

करंटची बाजू लोक हसण्यावारी नेतात. मीही नेली होती. सॉकेटचा १६ नंबर कायम जिवंत असतो, चावी खिशात असली तरी. माझी डबी ४५ मिलिअँपिअर खात होती, म्हणजे दिवसाला एक अँपिअर-तासाहून जास्त. दोन आठवडे बाहेर जाऊन आलो तर जुनी बॅटरी स्टार्टरला नुसती टक-टक करायला लावत होती. आता करंट चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घेतला आहे, फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढणारा फ्यूज टॅप लावून, स्वतःचा १ अँपिअरचा फ्यूज टाकून. गाडीतले १२ व्होल्ट नुसते म्हणायला १२ असतात. इंजिन चालू असताना १४ च्या पुढे जातात आणि अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची वायर सुटली तर क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून कन्व्हर्टर ३६-४० व्होल्ट सोसणारा घ्या आणि त्याच्या आधी असा झटका झेलणारा टीव्हीएस डायोड लावा.

आणि तो आवाज. आधी मी नेहमीचा पिझो बझर लावला होता, कर्कश, ४ किलोहर्ट्झच्या जवळचा. मागे बसलेल्या माझ्या मुलीने कान झाकले. बाबांनी विचारलं, "कधी वाजणार आहे?" वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, हे माहीत असून सुचलं नव्हतं. बझर काढून छोटा स्पीकर लावला, पिनेवरून थेट न चालवता मध्ये ट्रान्झिस्टर घालून, आणि ६०० हर्ट्झचे दोन जाड ठोके दिले. ते ऐकू येतात. ऐकू आल्यावर बाबांनी आधी दांडी मागे घेतली आणि मग डबी बंद करायचं बटण कुठे आहे ते विचारलं.

बसवताना पिवळ्या आवरणाच्या वायरींना किंवा कनेक्टरला हात लावू नका, त्या सहसा एअरबॅगच्या असतात. वायरी पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब नेऊन टायने बांधा. नुसत्या दुहेरी टेपवर भरवसा ठेवू नका, उन्हात तापलेल्या गाडीत माझी डबी दोनदा पायाशी पडली. डबीवर मार्करने लिहून ठेवलंय: "ही कंपनीची नाही. शंका आली तर हा प्लग ओढा, गाडी चालते." सर्व्हिसिंगला गाडी दिली की मेकॅनिक आधी तेच वाचतो.