पावसात, धुक्यात फ्लाइट अडकली? गोव्यातून विमानानं जाणाऱ्यांनी या चुका टाळा

जून लागला की गोव्यात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, फ्लाइट रद्द झाली, आता काय करू? आणि बरेचदा फोन येईपर्यंत त्या माणसानं घाईघाईत काहीतरी करून ठेवलेलं असतं. पैसे जातात ते जास्त करून या घाईपायी, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे स्वतःहून तिकीट कॅन्सल करणं. हवामान खात्यानं रेड अलर्ट दिला, टीव्हीवर वादळाचा नकाशा फिरायला लागला की लोक ॲप उघडतात आणि कॅन्सल दाबून मोकळे होतात. अहो, थोडं थांबा! तुम्ही रद्द केलं तर ते तुमचं कॅन्सलेशन, स्वस्तातल्या तिकिटाचे चार्जेस कापले की हातात जवळजवळ काहीच येत नाही. तीच फ्लाइट दोन तासांनी एअरलाइननं रद्द केली असती तर पूर्ण रिफंड किंवा दुसरी फ्लाइट, यातलं काय हवं ते निवडायचा हक्क डीजीसीएच्या, म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नियमांनी तुम्हाला दिलाय. इथं लोकांचा मोठा गोंधळ होतो. आयत्या वेळी फ्लाइट रद्द झाली तर 10,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते असं कुठंतरी वाचलेलं असतं आणि काउंटरवर त्यावरून भांडण सुरू होतं. खराब हवामानामुळे रद्द झालेल्या फ्लाइटला ती भरपाई लागू नाही. पण भरपाई वेगळी आणि तिकिटाचे पैसे वेगळे, हवामानाचं कारण असलं तरी तुमच्या तिकिटाचे पैसे एअरलाइनला ठेवून घेता येत नाहीत. आणि "पैसे क्रेडिट शेलमध्ये (म्हणजे एअरलाइनकडेच जमा) टाकलेत, पुढच्या प्रवासाला वापरा" असं कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा, क्रेडिट शेल घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं असतं, एअरलाइननं परस्पर नाही. फ्लाइट सहा तासांहून जास्त लेट होणार असेल तरी दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड मागता येतो. शिवाय मोठं वादळ येणार असेल तर बरेचदा एअरलाइन स्वतःच तारीख फुकट बदलून देते, त्यामुळे चेंज फी भरण्याआधी त्यांच्या साइटवरची सूचना एकदा वाचा.

दुसरी चूक, खिडकीतून आपलंच आभाळ बघणं. इथं गोव्यात, पेडण्यात कडक ऊन पडलंय मग फ्लाइट का लेट, असं विचारणारे खूप. तुम्हाला नेणारं विमान आधी दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून गोव्यात यायचं असतं, सकाळपासून दोन-तीन फेऱ्या करून ते इथं पोचतं, त्यामुळे सकाळी मुंबईत झालेला एक तासाचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत वाढत तुमच्या वाट्याला येतो, त्यात पायलटच्या ड्युटीचे तास संपले की दुसरा क्रू मिळेपर्यंत विमान असूनही उडत नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याला घासून वर सरकलं आणि दुसऱ्या दिवशी मुंबई एअरपोर्ट कित्येक तास बंद राहिला, म्हणजे इथून वादळ गेलं तरी मुंबईची वाट बंदच.

डिसेंबर-जानेवारीत तर हे उलट्या बाजूनं होतं, गोव्यात झकास हवा आणि दिल्लीत धुकं. जानेवारी 2024 मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवलं आणि वैतागलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले, तो व्हिडिओ बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच सुमारास डीजीसीएनं एअरलाइन्सना सांगितलं की तीन तासांच्या वर उशीर होणार असं दिसलं तर फ्लाइट पुरेशा वेळेआधी रद्द करता येईल. त्यामुळे आता "लेट झाली तरी जाईल तर खरी" हे धरून बसू नका. पावसाळ्यात शक्यतो सकाळची फ्लाइट घ्या, दिवसभराचा साठलेला उशीर तिला नसतो. दिल्लीला मात्र थंडीत पहाटे किंवा सकाळी उतरणारी टाळा, धुकं तेव्हाच दाट असतं, दुपारी उतरणारी बरी. आणि घरातून निघण्याआधी आपलं विमान आत्ता कुठं आहे ते फ्लाइटरडार या विमानं दाखवणाऱ्या ॲपवर बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता खास आपल्या गोव्याची गोष्ट. 5 जानेवारी 2023 ला पेडण्यातल्या मोपाच्या नव्या एअरपोर्टवरून फ्लाइट सुरू झाल्या तेव्हापासून इथं दोन एअरपोर्ट आहेत, आणि रिबुकिंगच्या गडबडीत लोक वेळ बघतात पण एअरपोर्ट बघत नाहीत. जुन्या दाबोळी एअरपोर्टचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स, नवीन तिकिटावर तो आधी वाचा. मोपा ते दाबोळी साठेक किलोमीटर, भर पावसात दीड-दोन तास कुठंच गेले नाहीत. गाडी मोपाच्या पार्किंगमध्ये आणि परतीची फ्लाइट दाबोळीला उतरली तर रात्रीच्या टॅक्सीचा खर्च वेगळाच. पण याचा फायदाही आहे, मोपाच्या सगळ्या फ्लाइट भरल्या असतील तर दाबोळीची द्या असं आपण तोंडानं मागायचं, सावंतवाडी-कुडाळच्या लोकांना लांब पडतं पण घरी तरी पोचता येतं. आणि उतरताना विमान वळवून दुसऱ्या शहरात नेलं तर रागाच्या भरात तिथंच उतरून जाऊ नका. बरेचदा इंधन भरून, हवा निवळली की तेच विमान परत येतं. उतरायचंच असेल तर पुढच्या प्रवासाचं आणि सामानाचं काय, ते आधी नीट विचारून घ्या.

तिकीट एजंटकडून काढलंय? मग त्यात मोबाइल नंबर कुणाचा आहे ते आजच तपासा. एजंटनं स्वतःचा टाकलेला असतो आणि फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जाऊन पडतो, इकडं तुम्ही चवथीचं सामान घेऊन एअरपोर्टवर. रिफंडसाठी एजंट आणि एअरलाइन एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर लक्षात ठेवा, नियमानं जबाबदारी एअरलाइनची आहे.

फ्लाइट रद्द झाल्यावर सगळे काउंटरकडे धावतात. रांगेत उभे राहा, पण त्याच वेळी ॲपवरून दुसरी फ्लाइट निवडायचा प्रयत्न करा, घरच्या कुणाला तरी कॉल सेंटरला लावायला सांगा, कारण पुढच्या फ्लाइटच्या मोजक्या सीट जो आधी पोचेल त्याला मिळतात. फक्त कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका! तिथं खोटे नंबर टाकून बसलेले चोर आहेत, रिफंडसाठी ओटीपी द्या किंवा हे ॲप डाउनलोड करा म्हणतात आणि खातं रिकामं होतं. नंबर तिकिटावरचा किंवा एअरलाइनच्या ॲपमधलाच घ्या.

आखातात कामाला जाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, गोवा-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-दुबई दुसरं, असं पावसाळ्यात करू नका. पीएनआर (बुकिंग नंबर) वेगळे असले की पहिली फ्लाइट लेट झाली म्हणून दुसरी एअरलाइन थांबत नाही, तुम्ही नो-शो, म्हणजे वेळेवर न आलेले, आणि तिकीट बुडालं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढं पोचवायची जबाबदारी एअरलाइनवर येते. वेगळंच काढावं लागलं तर आदल्या दिवशी मुंबई गाठा.

रेल्वेनं जाऊ म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं की पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं आणि गाड्या हळू चालवतात. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा तीही वाट बंद पडली होती. म्हणून ट्रेनचं किंवा रात्रीच्या बसचं तिकीट हातात येईपर्यंत एअरलाइनला "रिफंड द्या" म्हणू नका, रिफंड घेतला की दुसरी फ्लाइट देण्याची त्यांची जबाबदारी संपते.

चेक-इन केलेली बॅग फ्लाइट रद्द झाल्यावर आपोआप घरी येत नाही, बेल्टवरून परत घ्यावी लागते, म्हणून औषधं आणि कागदपत्रं कायम हातातल्या बॅगेत. ट्रॅव्हल इन्शुरन्स वादळाची बातमी आल्यावर काढला तर त्या वादळासाठी सहसा उपयोग नाही, आधीच काढा. आणि काउंटर सोडण्यापूर्वी फ्लाइट रद्द किंवा लेट झाल्याचं पत्र किंवा ईमेल कारणासकट मागून घ्या, इन्शुरन्सचा क्लेम करताना आणि पैसे अडले तर एअरसेवा या सरकारी ॲपवर तक्रार टाकताना तोच कागद लागतो.